संगीतकार हँडेल

आपल्या वऱ्हाडांतील खेड्यांत चार टाळ, एक मृदंग व एक पेटी मिळाली, म्हणजे भजनाची तयारी झाली. परंतु इ. स. १७८४ च्या मे महिन्यांत लंडन शहरीं, वेस्टमिन्स्टर नांवाच्या पुरातन देवालयांत, पांचशेंहून अधिक गाणारे व वाजविणारे एकत्र जमले, आणि त्यांनीं एकाच मनुष्यानें रचिलेलें संगीत लोकांस ऐकविलें. तो मनुष्य जॉर्ज फ्रेडरिक हँडेल होय. त्यास मरून तेव्हां पंचवीस वर्षें झालीं होतीं. इतका मान त्यास कां मिळाला, हें वाचकांनीं ऐकावें.

हँडेल ह्याचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजीं जर्मनींतील हाले ह्या गांवीं झाला. बाप न्हावी असून शस्त्रवैद्याचेंही काम करी. मुलानें कायदा शिकावा, अशी बापाची इच्छा होती. पण मुलाचें मन वाद्यांकडे लागलें होतें. पुढें इटलींत राहून विद्या वाढविल्यावर तो १७१० सालीं लंडनास आला व १७२७ सालीं तेथील प्रजाजन झाला. धनिकांसाठीं त्यानें पुष्कळ संगीत नाटकें रचिलीं. परंतु तो धंदा खालावला, आणि १७३७ सालीं वायूच्या झटक्यानें त्याचा उजवा हात लुळा पडला. ऊन पाण्याच्या झऱ्यांत स्नानें करून तो बरा झाला.

१७४१ सालीं चार्ल्स जेनेन्स ह्या गृहस्थानें पवित्र शास्त्रांतील वचनें निवडून त्याजकडे पाठविलीं. प्रभूच्या येण्याचें भविष्य, त्याचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान हा त्यांचा विषय. हँडेलनें २२ आगस्ट रोजीं आरंभ केला व २४ दिवसांत त्यांस संगीत दिलें. ह्यासच ‘मशीहा’ म्हणतात.

तें प्रथम १३ एप्रिल १७४२ रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं गाइलें गेलें. जागा अपुरी, म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांचे सांगाडे व पुरुषांनीं तलवारी घरीं ठेवून यावें, अशी विनंती करण्यांत आली. सुमारें ७०० लोक आले. सुमारें ४०० पौंड जमले, ते दोन दवाखाने व कर्जापायीं तुरुंगांत पडलेले लोक ह्यांच्यांत वांटले. त्यामुळें १४२ बंदिवानांचें देणें फिटून ते सुटले. कर्जाचें ओझें काय असतें, हें कापूस पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांस सांगावयास नको.

लंडनांत टाकून दिलेल्या मुलांसाठीं टॉमस कोरम ह्यानें आश्रम स्थापिला होता. १७५० सालीं हँडेलनें तेथें ‘मशीहा’ गावविलें, आणि पुढें वर्षानुवर्षें त्याचें उत्पन्न त्या मुलांस मिळालें. आश्रमास त्यानें मोठा बाजा दिला व मृत्युपत्रानें ‘मशीहा’ची एक प्रतही ठेविली. १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें ज्या घराण्यांचे पूर्वज आहेत, त्यांस ह्या दानाचें मोल कळेल.

तथापि चरित्रांत सर्वच सांगितलें पाहिजे. हँडेल रागीट होता व खाण्याचा लोभी होता. शिवाय १७२० सालच्या सुमारास त्याजपाशीं रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग होते, आणि ती कंपनी आफ्रिकेंतील माणसांस गुलाम करून विकीत असे. ज्याच्या संगीतानें बंदिवान सुटले, त्याचाच पैसा माणसांस बंदींत घालणाऱ्या धंद्यांत गुंतला होता. एका गोष्टीनें दुसरी पुसली जात नाहीं. आपल्या हातांतील पैसा कोठून येतो, हें आपणही तपासून पाहावें.

वृद्धपणीं तो आंधळा झाला, तरी वाजविणें त्यानें सोडिलें नाहीं. ६ एप्रिल १७५९ रोजीं ‘मशीहा’ ऐकून तो घरीं गेला व १४ एप्रिलास मरण पावला. वेस्टमिन्स्टर येथेंच त्यास पुरलें. १७८४ च्या त्या मोठ्या गायनाचें उत्पन्नही गरीब वादक व एक दवाखाना ह्यांस देण्यांत आलें.

उपकारस्तुतीच्या दिवशीं आपण टाळ हातीं घेऊं, तेव्हां गांवांतील एखाद्या कर्जबाजारी घराची आठवण मंडळीनें धरावी.