विठूच्या नावाची लोककलावती

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरू लागतात. दिवसा देवाची पालखी मिरवते, रात्री तमाशाचा फड रंगतो. या फडांच्या सुपाऱ्या ठरतात त्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात. म्हणूनच त्या गावास तमाशापंढरी म्हणतात. त्या गावाचे नाव ज्यांनी महाराष्ट्रभर नेले, त्या विठाबाई नारायणगावकर यांचे स्मरण या पर्वकाळी करणे उचित होय.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली खुद्द पंढरपुरी झाला. नावातही विठू, जन्मही विठूच्या क्षेत्री! परंतु ज्या मातंग समाजात त्या जन्मल्या, त्यास तेव्हा विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते द्वार उघडले १९४७ साली. तोवर विठाबाईंचे बालपण सरत आले होते.

वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्यांची कला वाढली. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने होतो. पुढे श्रीकृष्ण आणि गोपींची गवळण, मग लावणी व वग. आम्ही कीर्तनकारही नमनावाचून पूर्वरंगास आरंभ करीत नाही. देवाचे नाव घेऊन उभे राहण्याची रीत दोन्हीकडे एकच.

एकदा खेळ चालू असतानाच विठाबाईंना प्रसूतिवेदना सुरू झाल्या. रंगमंचामागे जाऊन त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. ते ध्यानी येताच प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबविला. या निष्ठेचे कौतुक करावे, तसे जिच्यावर अशी वेळ यावी त्या स्त्रीच्या दारिद्र्याची खंतही बाळगावी.

पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड उभा केला. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तरीही उतारवयात विपन्नावस्था सुटली नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे देणेही दात्यांच्या साहाय्याने फिटले. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

भाविकहो, यंदा यात्रेत गण सुरू होईल तेव्हा गणरायास हात जोडालच. तो गण गाणाऱ्यांच्या पोटापाण्याचीही तेवढ्याच आस्थेने विचारपूस करा. त्या सेवेतच विठाबाईंचे खरे पुण्यस्मरण आहे.