बाबासाहेब आंबेडकर (मताधिकार व निवडणूकविषयक कार्य)

भीमराव रामजी ऊर्फ बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय विधिज्ञ, अर्थतज्ज्ञ, समाजसुधारक व राजकारणी होते. जात, वंश किंवा संपत्ती यांच्या आधारे कोणाचाही मताधिकार हिरावला जाऊ नये, यासाठी त्यांनी १९१९ पासून सुमारे तीन दशके प्रयत्न केले. या लेखात त्यांच्या जीवनातील मताधिकार व निवडणुकांशी संबंधित घटनांची माहिती दिली आहे.

प्रारंभिक जीवन

आंबेडकरांचा जन्म महू येथे महार कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे होते. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाविषयीची त्यांची आस्था पुढेही टिकून राहिली. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

मताधिकाराची मागणी

ब्रिटिश काळात मताधिकार जमीन महसूल, प्राप्तिकर, घरभाडे अशा निकषांवर अवलंबून होता. परिणामी अस्पृश्य समाजातील बहुतेक लोक मतदार यादीबाहेर राहत. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी या अटी शिथिल करण्याची व स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार व संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा द्याव्यात, असे मत मांडले. प्रौढ मताधिकार मिळणार नसेल, तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. १९३२ मध्ये लोथियन मताधिकार समितीचे सदस्य असताना काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या कमी करून दाखवली जात असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी त्यावर आक्षेप घेऊन आपले स्वतंत्र टिपण जोडले.

पुणे करार

ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर रोजी झालेल्या पुणे करारानुसार आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडला आणि प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यांपैकी २० जागा मध्य प्रांत व वऱ्हाडातील होत्या. आजचा बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडाचाच भाग होता. करारानुसार अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडायचे व त्यांतील एकाची अंतिम निवड सर्व मतदारांनी करायची, अशी पद्धत ठरली. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अनेक उमेदवार प्राथमिक फेरीत पुढे असूनही अंतिम फेरीत पराभूत झाले. अशा रीतीने निवडून येणारा प्रतिनिधी अस्पृश्यांऐवजी बहुसंख्याकांवर अवलंबून राहतो, असा आंबेडकरांचा आक्षेप होता.

पक्षीय राजकारण

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत पक्षाने लढवलेल्या १७ जागांपैकी १४ जिंकल्या. त्याच वर्षी त्यांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्यासाठी विधेयक मांडले. १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्ली येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणात, आर्थिक विषमता कायम राहिल्यास संसदीय लोकशाहीतही सत्ता धनिक वर्गाकडेच राहते, असे प्रतिपादन त्यांनी केले.

संविधान सभा

१९४६ मध्ये ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेल्याने जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले आणि २९ ऑगस्ट रोजी मसुदा समिती नेमली जाऊन ते तिचे अध्यक्ष झाले. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे निवडणूक आयोग सुचवले होते. मात्र काही प्रांतांत वंश, संस्कृती किंवा भाषेने परक्या ठरलेल्या रहिवाशांची नावे मतदार यादीत येऊ नयेत, अशी व्यवस्था होत असल्याच्या तक्रारी आल्या. जून १९४९ मध्ये हे कारण सभेपुढे मांडून आंबेडकरांनी एकाच केंद्रीय आयोगाची दुरुस्ती सुचवली व ती स्वीकारली गेली. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ ने निवडणूक आयोगाची तरतूद केली. अनुच्छेद ३२५ नुसार केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येत नाही, तर अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला.

निवडणुकांतील पराभव

प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१-५२) आंबेडकर उत्तर मुंबई या द्विसदस्यीय मतदारसंघातून उभे होते. समाजवादी पक्षाशी युती असूनही काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे १४ हजार मतांनी त्यांचा पराभव केला. या मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. तरीही तसे करण्याचा प्रचार झाल्याने हजारो मते बाद ठरली, अशी तक्रार आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे केली. तो अर्ज फेटाळला गेला. १९५२ मध्ये आंबेडकर राज्यसभेवर निवडून गेले. १९५४ मध्ये भंडारा येथील लोकसभा पोटनिवडणुकीतही काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ते पराभूत झाले.

निधन व वारसा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर झालेली लोकसभेची निवडणूक त्यांना स्वतःला एकदाही जिंकता आली नाही. त्यांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्षाची स्थापना त्यांच्या निधनानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी झाली. मतदार यादीतील समावेशाविषयीचा अनुच्छेद ३२५ आजही लागू आहे.