वालचंद, येडशीचे रूळ आणि मामांची पद्मिनी

बारावीनंतर कॅप राउंडचा फॉर्म भरताना वालचंद हा शब्द आपण सगळ्यांनीच शंभर वेळा तरी घेतला असेल. वालचंदचा कट-ऑफ किती, वालचंदला मेकॅनिकल मिळेल का, नाही मिळालं तर पुढं काय... पण हा वालचंद नावाचा माणूस कोण होता, असं मेसमध्ये विचारून बघा. निम्मे जण आमटीत चमचा फिरवत बसतील! मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचा. त्यामुळे या माणसावर माझा जरा जास्त हक्क आहे असं मी समजतो, कारण त्यांच्या उद्योगाचा श्रीगणेशा आमच्या मुलखात झाला.

वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणं गुजराती दिगंबर जैन, धंदा सावकारी आणि कापसाचा. आई ते तान्हे असतानाच गेली. शाळा सोलापूरला, मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण डिग्री काही पदरात पडली नाही, घरच्या पेढीवर बसावं लागलं. (बॅकलॉगवाल्यांनी यातून भलता अर्थ काढू नये.)

पेढीवर त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी ठेकेदारी सुरू केली. फाटकांचा अनुभव आणि वालचंदांचं भांडवल. पहिलं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे हा सात मैलांचा तुकडा. अडीच फूट रुंदीचे ते अरुंद रूळ 1911 साली लातूरला पोचले. आता तिथून ब्रॉडगेज जाते आणि आमच्या कळंब रोड स्टेशनवर सुट्टीला उतरणाऱ्या पोरांना यातलं काहीही ठाऊक नसतं. पुढं घर आणि जहाज आणि विमान असं सगळं करणाऱ्या माणसानं हिशोब शिकला तो या माळरानावर, मुरूम आणि खडी मोजत.

त्यानंतरची कामं भराभर सांगतो. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाचं पाणी मुंबईला आणणारी पाइपलाइन. 1926 साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी. म्हणजे पाणी वाहून नेणं आणि ते गळू न देणं हा या माणसाचा जुनाच धंदा होता! ते पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो.

1919 साली त्यांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेलं लॉयल्टी हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून ही कंपनी बुडवायचा चंग बांधला होता, पण ती टिकली. 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला म्हैसूर संस्थानाच्या साथीनं विमानांचा कारखाना उभा राहिला. आजच्या एचएएलचं मूळ तेच. दोन वर्षांत सरकारनं त्यांचा हिस्सा विकत घेतला. 1941 ला विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला, तोही कारखाना शेवटी सरकारकडेच गेला. जिथं पाया खणला तिथं स्वतः राहायला मिळालं नाही, असं या माणसाच्या बाबतीत परत परत झालं.

आता मोटारगाडी. त्या काळी हिंदुस्थानात गाड्या बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत कारखाना टाकला होता खरा, पण सुटे भाग यायचे पेट्यांतून, परदेशातून. विश्वेश्वरय्यांच्या मनात देशी मोटारीची योजना होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेत जाऊन बोलणी केली, 1940 साली क्रायस्लरशी करार जमला. पण युद्ध चालू होतं आणि हा धंदा युद्धाला गरजेचा नाही असं म्हणून सरकारनं हात वर केले. शेवटी 1944 ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 ला कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघाल्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला तीही जोडणीच होती. पण एकेक भाग इथं बनवत जायचं, हा हट्ट पहिल्यापासून होता.

या हट्टाचा उपयोग काय, हे मला पुस्तकात नाही, कळंबच्या गॅरेजात कळलं. माझ्या मामांकडे 1980 च्या दशकातली पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, तिचं पाणी कमी व्हायला लागलं. येरमाळ्याला जाऊन आलं की रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी घालावं लागायचं. गंमत म्हणजे रात्रभर गाडी उभी असली तरी फरशीवर एक थेंब नाही! मग पाणी जातं कुठं?

मिस्त्रींनी आधी गाडी पूर्ण थंड होऊ दिली. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं. दाब साधारण 1 बारनं वाढवला तर पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो, पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. (थर्मोचा तो चॅप्टर आपण नुसता पाठ करतो.) मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ नव्हतं. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, पाण्यात सलग बुडबुडे आले नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत, मोठा खर्च टळला. होज पाइप दाबून, क्लिपा हलवून झाल्या. मग इंजिन बंद करून त्यांनी पंख्याचं पातं धरलं आणि पुढं-मागं हलवलं. खटखट असा प्ले लागला. या इंजिनात पंखा वॉटर पंपाच्याच शाफ्टवर असतो. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, सील गळालं तर पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ठेवलेलं. त्या भोकाखाली क्षाराची पांढरी रेघ ओघळून वाळलेली होती.

कोडं सुटलं. बेअरिंग झिजलं, गाडी चालू असताना शाफ्ट डगमगायचा आणि सील उघडं पडायचं. बाहेर आलेलं पाणी पंख्याच्या वाऱ्यानं उडायचं, तापलेल्या ब्लॉकवर वाळायचं. गाडी थांबली की दाब उतरायचा आणि गळती बंद. मूळ कारण मामांचं बोअरचं जड पाणी, वर्षानुवर्षं तेच भरलेलं.

लातूरहून पंपाचं किट दुपारच्या एस.टी.नं आलं. नवं बेअरिंग, नवं सील. गॅस्केट मिस्त्रींनी तिथंच कापलं: पंपाच्या तोंडावर गॅस्केट पेपर ठेवून कडेनं हातोडीनं हळूहळू ठोकत. बोल्ट आळीपाळीनं समोरासमोरचे आवळले. आतला गाळ धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. कळंबला पाणी गोठायची भीती नाही, पण कूलंटमधली रसायनं गंज धरू देत नाहीत आणि पाणी उशिरा उकळतं. झाकण उघडं ठेवून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवलं, हवा बाहेर पडली, पातळी उतरली तेवढं परत भरलं. सगळं मिळून बिल आपल्या मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी झालं.

आता कोणी म्हणेल, वीस-तीस वर्षं तेच इंजिन विकलं, बुकिंग करून लोकांना वर्षानुवर्षं ताटकळवलं, त्यात कसलं कौतुक? बरोबर आहे. परमिट राजमध्ये स्पर्धा नव्हती आणि गिऱ्हाईकानं त्याची किंमत मोजली. पण उत्पादन बंद होऊन पंचवीसेक वर्षं झालेल्या गाडीचं सील लातूरला मिळतं आणि तिचं अंग न् अंग ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी भेटतो, हेही त्याच हट्टातून आलं.

वालचंदांनी मात्र ही गाडी पाहिली नाही. 1949 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, दुसऱ्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. फियाट 1100 कुर्ल्यात बनायला लागली 1954 साली. तिचीच पुढची आवृत्ती 1964 ला आली आणि 1970 च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत, पण समोरच्या रस्त्याला अजून प्रीमियर रोडच म्हणतात.