राधानगरीचे धरण

मुलांनो, तुम्ही कोल्हापूरचा गूळ खाल्ला असेल. या गुळाच्या व्यापारासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही पेठ वसवली. आदल्याच वर्षी त्यांनी संस्थानाचा कारभार हाती घेतला होता. १९०६ साली त्यांनी कापडगिरणीचा पाया घातला. पण शेतच कोरडे राहिले, तर ऊस कोठून येणार आणि पेठेत गूळ कोठून येणार? म्हणून महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. लहानशा संस्थानाला हा खर्च झेपेना. काम अर्ध्यावर थांबले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले, तेव्हाही भिंत अपुरीच होती. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. पावसाळ्यात कधी राधानगरीला गेलात, तर जरूर पाहा. धरण भरले की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात!