लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत



जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि आपल्या पनवेलमध्ये पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो. दोन महिने भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात. आजूबाजूच्या गावांतून मुलं चिखल तुडवत शाळेत येतात. मग आठवड्याभरात एखादा मुलगा उशिरा पोहोचतो, हात काळे झालेले, आणि कारण एकच : चेन उतरली.

याच दिवसांत, 20 जूनला, एका मोठ्या माणसाचा जन्मदिवस येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा. त्यांना आपण कारखानदार म्हणून ओळखतो. पण किर्लोस्कर हे नाव पहिल्यांदा पाटीवर लागलं ते सायकलच्या दुकानावर, हे मुलांना सांगितलं की ती एकदम कान टवकारतात. म्हणून यंदा त्यांचं चरित्र आणि सायकलच्या चेनचा पाठ एकत्र घ्यायचं ठरवलं. तो पाठ आपल्या सर्वांसाठी इथे देत आहे.

बालपण आणि मुंबई

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आज तो कर्नाटकात आहे. शाळेच्या नेहमीच्या अभ्यासात लक्ष्मणरावांचं मन फारसं रमत नसे. चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. घरच्यांना त्याची काळजी वाटणं साहजिकच होतं. पण मोठे भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव 1885 मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथे एक अडचण उभी राहिली. त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नव्हता. डोळ्यांतला हा दोष घेऊन चित्रकार होणं शक्य नव्हतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हा केवढा धक्का! पण हातात रेघ होती, नजरेत मापं होती. रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं काढण्याचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळवली. म्हणजे लक्ष्मणराव आपल्यापैकीच, एक शिक्षक! मोकळ्या वेळात ते तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रांवर हात चालवत राहिले.

सायकलचं दुकान

त्या काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसणं म्हणजे नवल होतं. आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेनने गती देणारी रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 मध्ये आणली. हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलॉप यांनी 1888 मध्ये घेतलं. त्याच 1888 मध्ये लक्ष्मणराव आणि रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, दुरुस्त करायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या. पुढे दुकानावर नाव लागलं किर्लोस्कर ब्रदर्स. हे दुकान ज्या रस्त्यावर होतं तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

आता मुलांना इथे थोडं थांबवावं आणि विचारावं : सायकल इंग्लंडहून बोटीने यायची, सुटे भागही तिकडूनच यायचे. मग बेळगावात एखादा भाग झिजला तर काय करायचं? कोणता भाग आज बदलायचा, कोणता अजून वर्षभर चालेल, हे ओळखणं अशा दुकानदाराला भागच असतं. उगाच बदलला तर गिऱ्हाइकाचे पैसे वाया. वेळेवर बदलला नाही तर त्या भागासोबत शेजारचे चांगले भागही जातात.

सायकलच्या चेनमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. चेन कशी बनते बघा. बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्याभोवती फिरणारे छोटे रोलर. ही रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला तयार केली. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. चेनव्हीलचे आणि फ्रीव्हीलचे दातेही याच मापाने कापलेले असतात. म्हणून प्रत्येक रोलर दोन दात्यांच्या मधल्या खाचेत नेमका बसतो.

चेन जुनी झाली की ती ताणली गेली असं आपण म्हणतो. खरं तर पट्टी रबरासारखी ताणली जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीची जागा यांत धूळ आणि चिखल शिरतो, तेलात मिसळून त्याची घासणारी पेस्ट होते आणि लोखंड थोडं थोडं झिजतं. एकेका सांध्यातली ही झीज अगदी किरकोळ असते, पण चेनमध्ये असे शंभराहून जास्त सांधे असतात. सगळ्यांची झीज मिळून चेन लांब होते. मग रोलर खाचेच्या तळाशी न बसता दात्याच्या अंगावर चढू लागतो आणि दात्याला एका बाजूने खातो. दाता हळूहळू आकड्यासारखा वाकडा दिसू लागतो.

फ्रीव्हीलचे दाते आधी जातात, त्याचंही गणित आहे. समजा चेनव्हीलला 44 दाते आणि फ्रीव्हीलला 18. 44 ला 18 ने भागलं की साधारण 2.4 येतात. पायडलची एक फेरी झाली की मागच्या चक्राच्या जवळजवळ अडीच फेऱ्या होतात. काम तेवढंच, पण ते कमी दात्यांमध्ये वाटलेलं!

नोकरी सोडली, नांगर धरला

लक्ष्मणरावांना नोकरीत बढती मिळायला हवी होती, पण ती डावलून दुसऱ्याला दिली गेली. 1897 च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलच्या दुकानाबरोबर आता स्वतः काही बनवायचं त्यांच्या मनात होतं. आसपास शेतकरी होते, म्हणून त्यांनी पहिल्यांदा कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून आहे, पैसा अडकला आहे, आणि तरी काम थांबवायचं नाही, हे सोपं नव्हतं.

लोखंडी नांगराची एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. जमीन कापणारा फाळ हा सगळ्यात जास्त झिजणारा भाग. तो नांगराला वेगळा बसवलेला असतो. फाळ झिजला की तेवढाच काढायचा आणि नवा बसवायचा. बाकीचा नांगर वर्षानुवर्षं चालतो. पण फाळ बोथट झाला तरी तसाच ओढत राहिलं, तर बैल दमतात आणि जमीनही नीट उलटत नाही. सायकलच्या चेनचं आणि नांगराच्या फाळाचं नातं हे असं आहे. झिजणारा भाग कोणता ते ओळखा, आणि त्याच्यापायी बाकीचं खराब होण्याआधी तो बदला.

किर्लोस्करवाडी

धंद्याला कुठे जम बसू लागला तोच बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या वस्तीवाढीसाठी सोडावी लागली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन त्यांनी दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाने भरलेला माळ! 1910 मध्ये लक्ष्मणराव आपल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथे राहायला गेले. निवडुंग तोडून कारखाना आणि घरं उभी केली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनलाही हेच नाव मिळालं.

आपल्यासारख्या शिक्षकांनी लक्ष द्यावं असा भाग आता येतो. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनिअर म्हणून पुढे आले. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम केला. ज्या काळात सार्वजनिक विहिरीवरही जात विचारली जायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. रंग न ओळखता येणारा चित्रकार स्वतः वाया गेला नव्हता. माणसाला मोडीत काढण्याआधी त्याच्यात काय शाबूत आहे ते बघावं, हे कदाचित त्यांना स्वतःवरूनच उमगलं असेल.

पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918 या काळात, परदेशातून येणारं लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. भट्टी पेटती ठेवायची तर कशावर? लक्ष्मणरावांनी लाकडी कोळसा वापरला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

पुढे कारखान्यात पंप, उसाचे चरक, इंजिनं अशी यंत्रं तयार होऊ लागली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आले आणि त्यांनी काम वाढवलं. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

वर्गातला उपक्रम : फूटपट्टीने चेन मोजा

चरित्र सांगून झालं की मुलांना सायकलींच्या स्टँडवर न्यावं. सातवी-आठवीला शेकडेवारी शिकवताना हा उपक्रम छान जमतो. सायकल उभी असतानाच मोजायचं, आणि कोणीही पायडल फिरवायचं नाही. बोट चेनमध्ये अडकण्याची भीती असते, म्हणून शिक्षकांनी जवळ उभं राहावं.

1. चेनचा ताणलेला सरळ भाग निवडा आणि तो कापडाने पुसा.
2. 12 इंचांची फूटपट्टी घ्या. शून्याची खूण एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा.
3. ती पिन सोडून पुढच्या 24 पिना मोजा. चेन नवी असेल तर चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिलिमीटरवर येते.
4. ती 12 च्या पुढे गेली असेल तर किती पुढे गेली ते लिहून ठेवा.

एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर पुढे गेली असेल तर झीज साधारण अर्धा टक्का. चेन बदलण्याची वेळ आली. दाते बहुधा अजून चांगले असतात. एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3.2 मिलिमीटर पुढे गेली तर झीज एक टक्का. आता चेनबरोबर फ्रीव्हीलही बघावं लागेल. ही 3.2 मिलिमीटर 24 सांध्यांत वाटली तर एका सांध्याच्या वाट्याला 0.13 मिलिमीटर येते, वहीच्या एखाद-दुसऱ्या पानाच्या जाडीइतकी! एवढ्याशा झिजेने लोखंडाचे दाते खराब होतात, हे मुलांना स्वतःच्या हाताने मोजल्यावरच पटतं.

पालकांसाठी चार गोष्टी

चेन सैल झाली की चाक मागे ओढून ती घट्ट करतात, तेही जमेनासं झालं की कडी कापून चेन आखूड करतात. त्याने चेन उतरायची थांबते, पण पिनांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहतं आणि दाते खाणं चालूच राहतं. ही दुरुस्ती नव्हे, काही दिवसांची सोय आहे.

दुसरं, झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन टाकली तर ती जोर लावताच दात्यांवरून उडते. मूल चढावर उभं राहून पायडल मारत असेल तर तोल जाऊन पडू शकतं, आणि आपल्याकडच्या ट्रकच्या वर्दळीत ते पडणं साधं नसतं. म्हणून दुकानात दात्यांचा आकार बघून घ्या. दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक, एका बाजूला आकड्यासारखे झुकले असतील तर चेन आणि फ्रीव्हील एकत्र बदला.

तिसरं, चेनव्हील सगळ्यात शेवटी जातं. चेनव्हीलच्या पुढच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढून बघा. ती सहज उचलली जाऊन दाते अर्धे उघडे पडले तर आधी चेनच मोजा. नवी चेनही तशीच उचलली जात असेल तरच चेनव्हीलचा विचार करा.

चौथं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चेन पुसा, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाका. आधी न पुसता तेल ओतलं तर चिखल आतच जातो.

वेळेवर बदललेली चेन हा थोडक्यात आटोपणारा खर्च आहे. ती टाळली की फ्रीव्हील आणि चेनव्हील दोन्ही जातात, आणि मग नवी सायकल घ्या असा मुलाचा हट्ट सुरू होतो.

यंदा 20 जूनला परिपाठात लक्ष्मणरावांची गोष्ट सांगा आणि दुपारच्या सुट्टीत फूटपट्टी घेऊन स्टँडवर जा. कुणाच्या सायकलची चेन बारा इंचांच्या किती पुढे गेली, ते मुलांनीच वहीत लिहावं आणि घरी जाऊन आई-बाबांना दाखवावं.