सुया हातात घेऊन

भगिनींनो, दुपारी आपण मंडळात विणायला बसलो की घरची मंडळी हसतात. मी सातवीपर्यंतच शिकलेली. पण क्लॅरिना निकोल्स या अमेरिकन बाईंची हकीकत कळल्यापासून मला ते हसणे लागत नाही.

बाईंचा जन्म व्हर्मांट प्रांतात १८१० साली झाला. पहिला संसार सुखाचा नव्हता, काडीमोड घ्यावा लागला. तेव्हाच्या कायद्याने बायकोची मिळकत नवऱ्याची, अन् मुलेही त्याचीच! दुसरे यजमान वर्तमानपत्र काढीत. ते आजारी पडल्यावर बाईंनीच ते चालविले.

१८५४ मध्ये कॅन्ससचा नवा मुलूख वसू लागला. तेथे गुलाम ठेवावेत की नाही, हे वस्तीला आलेल्यांनी मते देऊन ठरवायचे होते. शेजारच्या मिसूरीत गुलामगिरी होती. तिकडचे लोक येऊन खोटी मते टाकून जात. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांबरोबर बाईही कॅन्ससला गेल्या. १८५५ मध्ये यजमान वारले, पुढच्या वर्षी चकमकीत मुलगा जखमी झाला. तरी बाईंनी काम सोडले नाही.

१८५९ मध्ये वायन्डॉट गावी राज्याची घटना करायला बावन्न सभासद जमले, सारे पुरुष. बाईंना मत नव्हते. त्या विणकाम घेऊन रोज सभेत बसत आणि सभासदांना गाठून आपले म्हणणे पटवीत. गुलामगिरीला बंदी झाली. स्त्रीची मिळकत तिची राहिली, मुलांवर आईचा सारखा हक्क आला, शाळेच्या कारभारात मत मिळाले. बाकीचे मत मात्र गोऱ्या पुरुषांपुरतेच ठेवले. ही गोष्ट मला अजून डाचते.

बाई राहत त्या क्विन्डारोला नदीपलीकडेच मिसूरी. १८६१ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी शेजाऱ्यांचा निरोप आला, की पळून आलेल्या कॅरोलाइनला लपवा. चौदा माणसे तिच्या शोधात जवळच उतरली आहेत, मालकही त्यांत आहे. बाईंच्या घरात जमिनीखाली पाण्याची कोरडी टाकी होती. तीत खुर्ची, उशी, पांघरुणे देऊन तिला उतरविले आणि झाकणावर धुण्याचा टब ठेवला. धुण्याच्या पसाऱ्याखाली कोण पाहणार? बिचारी भीतीने थरथरत होती. घरात कुणी आजारी आहे असे वाटावे म्हणून दिवा जळत ठेवून बाई रात्रभर तिला धीर देत राहिल्या. दुसऱ्या रात्री ती दुसऱ्या एका मुलीबरोबर लेव्हनवर्थच्या स्नेह्यांकडे सुखरूप गेली.

बाई १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात वारल्या. कॅन्ससच्या स्त्रियांना पुरते मत मिळाले ते १९१२ मध्ये.