संप्रेरके आणि कर्करोगाचे नाते शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कर्करोग कशामुळे होतो, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. आनुवंशिकता, विषाणू, किरणोत्सर्ग, तंबाखू अशी कारणे अनेक आणि त्यांचा परिणाम शरीरातील संप्रेरकांवरही अवलंबून असतो. ही गुंतागुंत उलगडण्यासाठी भारतात ज्यांनी पायाभूत काम केले, त्यांत डॉ. कमल रणदिवे अग्रणी होत्या.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राची वाट धरली. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी मिळवली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या.

टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. परदेशात न रमता त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

स्तनांचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. उंदरांमध्ये आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक घटक कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असे अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. हा घटक विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मात्र केवळ विषाणूने गाठ होत नाही. आनुवंशिक कल आणि अंडाशयातील संप्रेरकांचीही त्याला साथ लागते. कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांच्या या नात्याचा रणदिवे यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सातत्याने मागोवा घेतला.

हेच सूत्र थायरॉइडच्या पेशींतही दिसते. किरणोत्सर्गामुळे डीएनएचे धागे तुटतात. त्यांची दुरुस्ती चुकली आणि पेशी वाढत राहिली, तर धोका निर्माण होतो. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला. मेंदूलगतच्या पियूषिका ग्रंथीतून स्रवणारे टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडच्या पेशींना आयोडीन शोषण्यास आणि वाढण्यास उद्युक्त करते. म्हणूनच या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन देण्यापूर्वी टीएसएचचे प्रमाण वाढवले जाते आणि नंतर अनेक रुग्णांत ते थायरॉक्सिनच्या गोळ्यांनी कमी ठेवले जाते.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. संसार आणि प्रयोगशाळा यांत स्त्रियांची होणारी ओढाताण त्या जाणून होत्या. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीतील तिच्या मुख्यालयात नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघराची सोय झाली. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा प्रश्नही त्यांनी अभ्यासला.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेत त्यांनी हयात घालवली, तिचे संशोधनकार्य आता खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संकुलात सुरू आहे.